सोनेरी कप आणि रद्दीत गेलेला डबा

परवा अमेरिकेतल्या नातवाने व्हिडिओ कॉलवर बेसबॉलचं कार्ड दाखवलं. कोपऱ्यात सोनेरी कप छापलेला. "आजोबा, हा पहिल्याच वर्षी भारी खेळला, म्हणून कंपनीने कप दिला." टॉप्स ही कार्डं छापणारी कंपनी 1959 पासून दरवर्षी अशा नवख्यांचा संघ निवडते. प्रत्येक जागेसाठी एकेक खेळाडू. सुरुवातीला तर ही निवड मुलांच्या मतांवर व्हायची.

मागून लेकाने विचारलं, "बाबा, माझा डबा आहे का हो अजून?"

मी गप्प.

ऐंशीच्या दशकाअखेर आम्ही पांढुर्ण्याला होतो. बिग फन गमसोबत क्रिकेटपटूंची चित्रं मिळत, त्यांवर धावा नि बळी छापलेले. सगळे पोट्टे धावांची बेरीज करत. आमचा मात्र एका विकेटकीपरची सात चित्रं धरून बसलेला, अदलाबदल करायलाच तयार नाही. सौसरला बदली झाली तेव्हा सामान बांधताना तो डबा मीच रद्दीवाल्याला दिला.

आता माझं मत सांगतो. एका वर्षावर कप देणं मला पटत नाही. बँकेत पाहिलंय ना! मार्चअखेर ठेवी फुगवून टार्गेट गाठणारा शाबासकी घेऊन जायचा आणि एप्रिलमध्ये ठेवी परत. माणूस कळतो तो दहा वर्षांच्या लेजरवरून.

आपल्या टपाल खात्याने 1996 साली चार क्रिकेटपटूंची तिकिटं काढली: सी. के. नायडू, विजय मर्चंट, विनू मंकड आणि प्रा. दि. ब. देवधर. पहिले तिघे 'विस्डेन'च्या वर्षातल्या पाच उत्तम खेळाडूंत निवडले गेले होते, देवधर कधीच नाही. भारत पहिली कसोटी 1932 मध्ये खेळला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठलेली, कसोटी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. पण 1939-40 आणि 1940-41 अशी लागोपाठ दोनदा महाराष्ट्राला रणजी करंडक त्यांच्याच कप्तानीत मिळाला. तिकिटासाठी त्यांना निवडणाऱ्याने अख्खं लेजर वाचलं, म्हणून ती निवड मला मोठी वाटते. नायडू तर आपल्यासारखेच, जन्म नागपूरचा आणि कर्मभूमी इंदूर.

एवढंच की तिकीट निघालं तेव्हा चौघांपैकी एकही हयात नव्हता. देवधर एकशे एक वर्षं जगून 1993 मध्ये गेले, तीन वर्षांनी चुकले. म्हणून म्हणतो, कप पहिल्या वर्षी नको, गेल्यावरही नको. दहा वर्षं बघा, आणि माणूस हयात असताना द्या.

आणि त्या सात चित्रांचं म्हणाल, तर ती एका पोराने कोणाला न विचारता केलेली निवड होती. मी ती रद्दीच्या भावात काढली. कॉलवर शेवटी कबूल केलं. लेक हसला, "मला तेव्हाच माहीत होतं, बाबा."

पांढुर्णा-सौसरकडे कोणाच्या माळ्यावर बिग फनची चित्रं पडून असतील तर कळवा. विकेटकीपरचं एक मिळालं तरी पुरे.