बंदूक खेळाडूच्या हाती, दायित्व कोणाचे?

कथा सांगणारे माध्यम कोणतेही असो, ते समीक्षेच्या कक्षेत येते. म्हणूनच 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' या २००९ च्या व्हिडिओ गेममधील, एकट्याने खेळावयाच्या कथाभागाला 'धाडसी' ठरविण्याचा जो प्रघात पडला आहे, त्याला आमचा विरोध आहे.

या धाडसाचा पुरावा म्हणून 'नो रशियन' हे प्रकरण पुढे केले जाते. मकारॉव्ह या दहशतवाद्याच्या टोळीत शिरलेला अमेरिकी हेर म्हणजे खुद्द खेळाडू. मॉस्कोच्या विमानतळावर निःशस्त्र प्रवाशांची कत्तल होते, तेव्हा त्याच्याही हाती बंदूक असते.

समर्थक म्हणतात, गोळी न झाडण्याची मुभा आहे. प्रकरण वगळताही येते. आमचा आक्षेप नेमका येथेच आहे. झाडा, झाडू नका, वा वगळा. कथा तसूभरही हलत नाही. मकारॉव्ह हेराला ठार करतो, त्या प्रेताचे निमित्त होऊन रशिया अमेरिकेवर चालून जातो. जर्मनी व जपानमधील आवृत्त्यांत प्रवाशांवर गोळी झाडताच डाव संपतो. रशियातील संगणक-आवृत्तीतून तर हे प्रकरणच गाळले गेले. पुढील कथा मात्र तीच राहिली. मग खेळाडूच्या विवेकाला येथे किंमत ती कोणती?

२००७ च्या पूर्वभागात अणुस्फोटानंतर सार्जंट जॅक्सन उद्ध्वस्त शहरात सरपटत जातो व मरतो. तेथे खेळाडूची असहायता हीच कथा होती. उत्तरभागात त्याच स्फोटातील ३०,००० सैनिकांचे मरण जनरल शेफर्डच्या सुडाचे कारण बनते, आणि कथेचा शेवट शेफर्डच्या वधाने होतो. मकारॉव्ह जिवंतच सुटतो. सैनिकांच्या मृत्यूला स्मृती आहे. प्रवाशांच्या मृत्यूला केवळ उपयोग.

महाभारतातील सौप्तिकपर्वही निद्रिस्तांच्या हत्येचे आहे. परंतु द्रौपदीचा शोक, अश्वत्थाम्याचा हिरावलेला मणी आणि त्याची शापित भटकंती यांतून त्या रात्रीचा हिशेब मागितला जातो. क्रौर्य दाखविणे हे धाडस नव्हे. त्याचे ओझे अखेरपर्यंत वाहणे, हे धाडस.

आम्ही बंदीची मागणी करीत नाही. बंदीने कोणत्याही कलेचे भले झालेले नाही. आमचे मागणे इतकेच : ज्याच्या हाती बंदूक दिली, त्याच्या कृतीची नोंद कथेने ठेवावी. ती नोंद नसेल, तर त्या खेळास करमणूक म्हणावे. धाडस म्हणू नये.