पाटीवर नुसतं 'डॉक्टर' नको!

केबिन रोडकरांनो, ताप आला की ज्यांच्याकडे धावता त्या डॉक्टरांची डिग्री कधी वाचलीत का?

बीएचएमएस म्हणजे होमिओपॅथी. जर्मनीच्या हानेमानने १७९६ मध्ये मांडलेली. ३० पोटेन्सी म्हणजे औषधाचा एक थेंब ९९ थेंबांत मिसळायचा, त्यातला एक पुन्हा ९९ थेंबांत, असं तीस वेळा. बाराव्या वेळेलाच मूळ औषधाचा कण उरण्याची शक्यता जवळजवळ संपते. तरी लोक जातात. का नाही जाणार? तिथे निवांत ऐकून घेतात, फी परवडते, गोळ्या गोड म्हणून पोरं रडत नाहीत. यात त्या डॉक्टरांना नावं ठेवण्यासारखं काही नाही.

माझं भांडण वेगळं आहे. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलला. एक वर्षाचा सीसीएमपी कोर्स केला की होमिओपॅथ अ‍ॅलोपॅथीची औषधंही लिहू शकतो. अहो, साबुदाण्याएवढ्या गोळ्यांत एवढी ताकद आहे, तर अँटिबायोटिक लिहायचा हट्ट कशाला? यावरून आयएमएच्या डॉक्टरांनी १८ सप्टेंबर २०२५ ला संप केला, होमिओपॅथही रस्त्यावर उतरले. पेशंटला कुणी विचारलं?

खेड्यात डॉक्टर नाहीत म्हणे. मग भाईंदर काय खेडं आहे?

पाटीवर डिग्री आणि नोंदणी क्रमांक मराठीत, ठळक लिहा. सीसीएमपी केलंय तर तेही लिहा. आणि आपणही चिठ्ठी हातात आली की तिथेच विचारायचं, 'डॉक्टर, ही गोळी होमिओपॅथीची की अ‍ॅलोपॅथीची?'