बांध ओलांडणारी चूक

परभणीसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी सातबाराचा उतारा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज यांसाठी आलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ या तीन शब्दांवर परत फिरावे लागते. यंत्र अडणे हा पावसासारखाच दैवाधीन प्रकार होय, अशी समजूत त्यातून रूढ होऊ लागली आहे. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातील विंडोज प्रणालीचे सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले. भारतातही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीच्या सुरक्षा-प्रणालीला २१ रकाने अपेक्षित होते; तिच्या हाती २० च पडत होते. एकविसावा शोधताना ती आपल्या वाट्याची स्मृती ओलांडून पलीकडचे वाचू लागली आणि संगणक बंद पडले. हा दोष त्या दिवशी जन्मलेला नव्हता. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात काहीही चालेल, अशी मुभा होती. म्हणून तो कित्येक महिने झाकून राहिला.

पलीकडचे वाचण्याऐवजी प्रोग्राम पलीकडे लिहू लागला, तर दुखणे अधिकच बिकट होते. बांध कोरणाऱ्या शेजाऱ्याप्रमाणे तो दुसऱ्याच्या जागेतील माहिती बिघडवतो आणि स्वतः सुरळीत चालत राहतो. बिघाड उघडकीस येतो तो उशिरा आणि भलत्याच ठिकाणी. यंत्र जेथे अडले तेथे केलेली डागडुजी म्हणूनच व्यर्थ ठरते. शोधणाऱ्याला तोच बिघाड पुन्हा घडवून आणावा लागतो आणि हद्द ओलांडणारे पहिले पाऊल पकडावे लागते. ॲड्रेससॅनिटायझरसारखी साधने प्रत्येक वाट्याभोवती निषिद्ध पट्टा आखून हेच काम करतात. रस्टसारख्या संगणकभाषा तर असे बहुतेक अतिक्रमण मुळातच रोखतात.

प्रत्येक खोळंब्यामागे हाच दोष असतो असे नव्हे. परंतु प्रत्येक खोळंब्याला कारण असते आणि ते शोधण्यास वेळ व पैसा लागतो. शोध टाळल्यास तो खर्च वाचत नाही. रांगेतील माणसाच्या बुडालेल्या रोजात तो वसूल होतो. ज्या चुकीची किंमत दुसराच मोजतो, तिचा माग काढण्याची निकड कोणाला वाटावी?

क्राउडस्ट्राइकला ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या चुकीची कारणमीमांसा जाहीर करावी लागली. सार्वजनिक सेवांनाही हाच दंडक हवा. प्रत्येक मोठ्या खोळंब्यानंतर काय बिघडले, मूळ कोठे होते आणि उपाय कोणता केला, हे मराठीत प्रसिद्ध करणे बंधनकारक असावे. ‘सर्व्हर डाऊन’ हे लक्षण आहे. ते कारण म्हणून स्वीकारणे नागरिकांनी आता थांबवले पाहिजे.