लुटुपुटूच्या लढाईतील शत्रू

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी रणगाडे कुवेतमध्ये घुसले. त्याच दिवशी अमेरिकेच्या संरक्षण खात्यातून एक दूरध्वनी गेला, तो कोणा सेनापतीला नव्हे, तर मार्क हर्मन या खेळ रचणाऱ्या गृहस्थाला. त्याने १९८३ मध्ये ‘गल्फ स्ट्राइक’ नावाचा, इराणच्या आखातातील संभाव्य युद्धाचा पट बाजारात आणला होता; पुठ्ठ्याच्या सोंगट्या, नकाशा आणि नियमांची पुस्तिका असा तो सारा जामानिमा होता. जगातील सर्वांत खर्चिक लष्कराला ऐन वेळी कोणत्याही दुकानात मिळणाऱ्या खेळाचा आधार घ्यावासा वाटला, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. त्या पटात आखातातील अंतरे, बंदरे, विमानतळ आणि फौजांची संख्या आधीच मोजून ठेवलेली होती. ते काम सरकारी कचेरीत करावयाचे तर काही आठवडे लागले असते.

पुढे संगणक आला आणि हा व्यवहार रुळला. अमेरिकेच्या मरीन दलाने १९९६ च्या सुमारास ‘डूम’ या पोरांच्या आवडत्या खेळातील राक्षस काढून तेथे सैनिक बसविले आणि चौघांच्या तुकडीने एकमेकांना सांभाळून पुढे कसे सरकावे, हे त्यावर शिकविले. ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ हा २००१ सालचा चेक कंपनीचा खेळ. त्याच्याच पायावर उभी राहिलेली प्रशिक्षण-प्रणाली पुढे अनेक देशांच्या सैन्यांनी विकत घेतली. आपल्याकडे नौदलाच्या गोव्यातील युद्ध महाविद्यालयात युद्धखेळ हा अभ्यासाचाच भाग आहे. लष्कराच्या प्रशिक्षण विभागाने मे २०२२ मध्ये राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी करार करून दिल्लीत युद्धखेळांचे केंद्र उभारण्याचे ठरविले. बाजारही मागे राहिलेला नाही. २६ जानेवारी २०२१ रोजी निघालेला ‘फौजी’ हा भ्रमणध्वनीवरचा देशी खेळ थेट गलवान खोऱ्यातच घडतो.

या साऱ्याचे अर्थशास्त्र सोपे आहे. प्रशिक्षण म्हणजे पुनरावृत्ती, आणि खऱ्या मैदानावरील प्रत्येक पुनरावृत्तीला इंधन, दारूगोळा, यंत्रांची झीज आणि कधी कधी माणसाचा जीवही द्यावा लागतो. पडद्यावरची शंभरावी चढाई पहिल्या चढाईइतकीच फुकट असते. सीमान्त खर्च जवळजवळ शून्य. शिवाय खेळ तयार करण्याचा मूळ खर्च लक्षावधी हौशी गिऱ्हाइकांनी आधीच भरलेला असल्याने लष्कराच्या पदरी तो स्वस्तात पडतो. बिनतारी संदेश नेमका देणे, नकाशा वाचणे, घाईच्या क्षणी निर्णय घेणे या गोष्टी त्यावर चांगल्या शिकविता येतात, हेही नाकारण्याचे कारण नाही. संगणकाला नाक मुरडणाऱ्या जुन्या मंडळींनी बुद्धिबळाचे मूळ आपल्याच चतुरंगात, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळात आहे, हे आठवावे.

परंतु गिऱ्हाइकांनी खर्च भरला, याचा अर्थ त्यांच्या आवडीनिवडीही खेळात भरल्या गेल्या. युद्धखेळात जमीन, शस्त्रे, हवामान यांच्याइतकाच महत्त्वाचा घटक म्हणजे समोरचा पक्ष. आणि बाजारी खेळात तो पक्ष विकत घेणाऱ्याच्या मर्जीने रंगविला जातो. २००४ साली निघालेला ‘फुल स्पेक्ट्रम वॉरियर’ पाहावा. मूळची कल्पना अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षणासाठी होती. दुकानात आलेल्या आवृत्तीत लढाई ‘झेकिस्तान’ नावाच्या, पृथ्वीच्या पाठीवर नसलेल्या देशात होते. देश काल्पनिक, पण नावाचा शेवट आणि रस्त्यांची कळा मुळीच काल्पनिक नाही. भिवंडीतील एखाद्या यंत्रमाग कामगाराचा मुलगा हा खेळ खेळावयास बसला, तर अरुंद गल्ल्या, सपाट गच्च्या आणि मशिदी पाहून त्याला शत्रूचे गाव बरेचसे आपल्या मोहल्ल्यासारखे वाटेल. हा शत्रू कोणी शिकवीत नाही; तो नकळत अंगवळणी पडतो.

बाजारी खेळातील शत्रूचा दुसरा दोष म्हणजे तो अखेरीस हरण्यासाठीच जन्मलेला असतो. गिऱ्हाईक जिंकले नाही, तर पुढचा भाग कोण घेणार? लष्कराचे स्वतःचे खेळही या मोहातून सुटलेले नाहीत. २००२ साली अमेरिकेने सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून ‘मिलेनियम चॅलेंज’ हा प्रचंड सराव केला. त्यात शत्रूची भूमिका निवृत्त जनरल पॉल व्हॅन रायपर यांना दिली होती. त्यांनी बिनतारी यंत्रणा बाजूला ठेवून मोटारसायकलवरून निरोप धाडले, लहान बोटींचा आणि क्षेपणास्त्रांचा एकदम मारा केला आणि सोळा युद्धनौका ‘बुडविल्या’. तेव्हा सराव थांबविण्यात आला, बुडालेल्या नौका पुन्हा तरंगविण्यात आल्या आणि शत्रूने काय करावे, हे वरून ठरू लागले. व्हॅन रायपर त्या भूमिकेतून बाहेर पडले. समुद्राच्या तळाशी गेलेले जहाज कागदावर वर आणण्याची ही विद्या फक्त प्रशिक्षकांनाच साधते. तेथे निदान ‘हे खोटे आहे’ म्हणणारा एक माणूस होता. दुकानातून आणलेल्या तबकडीत तो कोठून असणार?

हा प्रश्न सीमेवरच्या सैनिकापुरता राहत नाही. ज्या राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी लष्कराने करार केला, ते केंद्रीय गृहखात्याच्या अखत्यारीत असून पोलीस व अंतर्गत सुरक्षेचे शिक्षण हेच त्याचे मुख्य कार्य आहे. संगणक नसला, तरी पोलिसांची रंगीत तालीम हाही युद्धखेळच. तेथेही कोणीतरी शत्रू व्हावे लागते. तो कसा होतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. अहमदनगर, चंद्रपूर, औरंगाबाद येथील तालमींत अतिरेक्याची भूमिका करणाऱ्यांना विशिष्ट धर्माचे म्हणून दाखविण्यात आले, अशी तक्रार मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशाने या प्रकारास मनाई केली. तालमीतल्या शिपायाच्या तोंडची घोषणा न्यायालयाला ऐकू गेली. संगणकाच्या पडद्यावरील शत्रूचा वेष तपासणार कोण?

शत्रू आधीच ठरवून ठेवण्याची किंमत काय असते, हे भिवंडीला निराळे सांगावे लागत नाही. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी उसळलेल्या दंगलीची चौकशी न्या. मादन आयोगाने केली, तेव्हा दंगलीनंतर नेमलेल्या विशेष तपास पथकाच्या पक्षपातावर आयोगाने कडक ताशेरे ओढले. १९८४ च्या मे महिन्यात शहर पुन्हा पेटले. पुढे १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. माग चालविणारा, मागाचा मालक, दुकानदार आणि चौकीतला शिपाई, दोन्ही समाजांचे लोक एका सतरंजीवर बसत आणि अफवा निघाली की ती तेथेच तपासली जाई. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत नऊशे माणसे मेली. पन्नास किलोमीटरही दूर नसलेली भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांत शत्रूचे काम कोणालाच वाटून दिलेले नव्हते.

आता अफवेनेही रूप बदलले आहे. ‘आर्मा ३’ या खेळातील चित्रफिती खऱ्या लढाईच्या म्हणून फिरविल्या जातात, हे त्याच्या निर्मात्यांनीच नोव्हेंबर २०२२ मध्ये कबूल केले आणि त्यात भारत-पाकिस्तान संघर्षाचाही उल्लेख केला. मे २०२५ च्या लष्करी संघर्षात अशा खेळांतील विमाने खरी म्हणून घराघरांतील भ्रमणध्वनींवर पडली. ज्या कंपनीने हा खेळ केला, तिचाच आधीचा ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’ प्रशिक्षणाच्या बाजारात शिरला होता.

म्हणून असे खेळ घेऊच नयेत, असे नव्हे. मात्र खरेदीच्या निविदेत प्रतींची संख्या, किंमत आणि देखभालीची मुदत यांच्याबरोबर आणखी दोन कलमे असावीत. शत्रू, त्याचा वेष आणि त्याचा प्रदेश बदलण्याचा पूर्ण अधिकार घेणाऱ्याकडे राहील, हे पहिले. आणि खेळ संपल्यावर शत्रूची बाजू खेळलेल्या अधिकाऱ्याचे म्हणणे लेखी नोंदविले जाईल, हे दुसरे. पोलीस प्रशिक्षणासाठी घेतलेला कोणताही खेळ तर २०२३ च्या आदेशाच्या कसोटीवर तपासल्यावाचून वर्गात नेऊ नये. या कलमांना पैसा फारसा लागणार नाही.