सरावातली पकड

पावसाचा जोर पुरता ओसरण्यापूर्वीच शालेय कबड्डीचे वेध लागतात आणि रत्नागिरी जिल्ह्यातील माध्यमिक शाळांची मैदाने सायंकाळी गजबजू लागतात. तांबड्या मातीचा थर वाहून जाऊन खालचा कातळ कोठे कोठे उघडा पडलेला असतो. त्यावरच फक्कीच्या रेषा आखल्या जातात आणि चढाई-पकडीचा सराव सुरू होतो. या खेळावर कोकणचे प्रेम जुने आहे. मुंबईच्या गिरणगावात गेलेल्या चाकरमान्यांनी तो तेथल्या गल्ल्यांतही जोपासला. मुलांनी कबड्डी खेळू नये असे कोणी शहाणा म्हणणार नाही. प्रश्न आहे तो सामन्याचा नव्हे, रोजच्या सरावाचा.

सामन्याला नियमांचे कुंपण आहे. खेळाडूची नखे कापलेली असावी लागतात, अंगाला तेल चालत नाही. चढाई करणाऱ्याचे तोंड दाबणे वा त्याला पायांची कैची घालणे निषिद्ध आहे. संघटनेच्या स्पर्धांत कुमारांना ७० किलो आणि किशोरांना ५५ किलो अशी वजनाची मर्यादा आहे. शालेय स्पर्धांत १४, १७ व १९ वर्षांखालील असे वयोगट आहेत. हे सारे पंचांच्या डोळ्यांदेखत पाळले जाते, आणि तेही फार तर चाळीस मिनिटे. त्याआधीचे कित्येक आठवडे मात्र पंच नसतो, वजनकाटा नसतो आणि वयोगटही नसतो. लहान शाळेत एकाच वयाची चौदा मुले जमणे कठीण. मग दहावीचा दांडगा मुलगा कोपऱ्यात उभा राहतो आणि त्याच्या पकडीला धार यावी म्हणून सातवीतला एखादा चिमुरडा चढाईला पाठविला जातो. जो सामना कोणताही पंच क्षणभर चालू देणार नाही, तो येथे रोज खेळला जातो, आणि त्याला आपण तयारी म्हणतो !

त्यात २०१४ पासून दूरदर्शन संचावर व्यावसायिक कबड्डी आली. खेळाला प्रतिष्ठा लाभली हे खरेच. परंतु तेथली छातीवरची धडक मऊ मॅटवर, कमावलेल्या शरीरांमध्ये आणि वैद्यकीय पथकाच्या देखत होते. शाळकरी मुले तीच धडक कातळावर गिरवतात.

शरीराला शरीर भिडणारा खेळ ज्या देशात शाळाशाळांतून मुरला आहे, त्या अमेरिकेचा अनुभव या संदर्भात पाहण्याजोगा आहे. तेथील फुटबॉल आपल्या फुटबॉलहून निराळा. त्यात समोरच्याला अंगावर घेऊन खाली पाडणे हाच खेळाचा गाभा. त्यातील मृत्यूंमुळे १९०५ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घ्यावे लागले होते. पुढे शिरस्त्राणे आली, कवट्या वाचल्या. पण कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका शिरस्त्राण थांबवू शकत नाही, हे उमगावयास बराच काळ जावा लागला. २००९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा केला की डोक्याला मार लागल्याचा संशय येताच मुलाला मैदानाबाहेर काढावे आणि वैद्यकीय परवानगीवाचून परत घेऊ नये. कॅलिफोर्नियाने २०१४ च्या कायद्याने शाळांच्या पूर्ण जोराच्या सरावाला आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी दीड तास, अशी मर्यादा घातली. विस्कॉन्सिनमध्ये असेच निर्बंध आल्यानंतर सरावात होणाऱ्या मेंदूच्या दुखापतींचे प्रमाण निम्म्याहून खाली आल्याचे अभ्यासकांना आढळले. खेळ बंद पडला नाही.

कबड्डी तितकी हिंसक नाही, हे मान्य. तरी घोट्याची पकड करावयास वाकलेल्या मुलाचे डोके चढाई करणाऱ्याच्या गुडघ्याच्या रेषेत येतेच, आणि साखळीत सापडलेला मुलगा मागे पडला तर त्याचे डोके जमिनीवर आपटते. रक्त आले तर धावपळ होते. ते आले नाही तर ‘मुका मार’ म्हणून तोंडावर पाणी मारून पोराला पुन्हा उभे केले जाते. खरा धोका तेथेच आहे. मळमळ, गोंधळलेली नजर, क्षणापूर्वीचे न आठवणे ही मेंदूला धक्का बसल्याची लक्षणे होत. तो भरून येण्याआधी दुसरा मार बसला तर तो, विशेषतः वाढत्या वयात, जिवावर बेतू शकतो. राजापूर वा संगमेश्वरच्या आडगावातून अशा रुग्णाला घेऊन आंबा घाट चढून कोल्हापूर गाठणे म्हणजे काय, हे येथील लोकांना सांगावयास नको.

या सर्वाचा दोष शिक्षकांच्या माथी मारणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. शिक्षणहक्क कायद्याने शंभरांहून अधिक पटाच्या उच्च प्राथमिक शाळांना शारीरिक शिक्षणासाठी दिला तो अंशकालीन निदेशक. अनेक ठिकाणी गणिताचे वा मराठीचे गुरुजीच शिट्टी गळ्यात अडकवून मैदानात उतरतात. दुसरीकडे दहावी-बारावीचे क्रीडा सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतील खेळाडूंचे पाच टक्के आरक्षण ही स्वप्ने गरीब घरच्या मुलाला खुणावतात. म्हणून तो चक्कर आल्याचे लपवितो, आणि कधी कधी त्याचे पालकही.

तेव्हा मुलाच्या विवेकावर हे सोपविण्यात अर्थ नाही. पूर्ण जोराची पकड आठवड्यातून दोनच दिवस, तीही सारख्या वजनाच्या मुलांत. उरलेले दिवस दम, पदन्यास, हातस्पर्श आणि बोनस रेषेचा अभ्यास. चांगला चढाईपटू अखेर यातूनच घडतो. डोक्याला मार लागलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, आणि पुढेही डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून नाही. जिल्हा क्रीडा कार्यालय संघांच्या प्रवेशअर्जांसोबत वयाचे पुरावे मागतेच. त्यांच्या जोडीला सरावाचे वेळापत्रक आणि दुखापतींची नोंदवही मागावयास कोणत्याही नव्या कायद्याची वा अनुदानाची गरज नाही. स्पर्धेच्या सकाळी जो वजनकाटा बाहेर काढला जातो, तो सरावाच्या पहिल्याच सायंकाळी मैदानावर आणून ठेवला, तरी सातवीतल्या त्या मुलासमोर दहावीचा कोपरा उभा राहणार नाही.