दोन वह्या

लोकसाहित्याचे अध्ययन खेड्यापुरते मर्यादित न राहता महानगरातील झोपडपट्टीपर्यंत येऊन पोहोचले, ही भारतीय भाषांच्या अभ्यासाच्या दृष्टीने इष्ट गोष्ट होय. मुंबईतील धारावीचे उदाहरण घ्यावे. अडीच चौरस किलोमीटरांहूनही लहान अशा या क्षेत्रात मूळच्या कोळीवाड्याची मराठी, सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांची गुजराती, तिरुनेलवेलीकडील कुटुंबांची तमिळ आणि उत्तर प्रदेश-बिहारातील कारागिरांची हिंदी व उर्दू शेजारी शेजारी नांदतात. तौलनिक साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून समृद्ध क्षेत्र सहसा सापडणार नाही. असे असूनही विद्यार्थ्यांनी तेथून आणलेली सामग्री पुष्कळदा निष्प्राण असते आणि तिचे खापर रहिवाशांच्या ‘अविश्वासा’वर फोडले जाते. हे निदान तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रश्नावलीतील सर्वांत निरुपद्रवी भासणारा प्रश्न असा असतो : ‘मावशी, तुम्ही इथे केव्हा आलात?’ विद्यार्थ्याच्या लेखी ही संभाषणाची सहज सुरुवात असते. मावशींच्या लेखी मात्र तो घरादाराचा प्रश्न असतो. महाराष्ट्रात झोपडपट्टीविषयक अधिनियम १९७१ साली झाला. १९७६ साली झोपड्यांची गणना होऊन फोटोपास देण्यात आले. पुढे पुनर्वसनाच्या पात्रतेसाठी कधी १ जानेवारी १९९५, तर कधी १ जानेवारी २००० अशा तारखा ठरत गेल्या. धारावीच्या पुनर्विकासासाठी २०२४ साली घरोघर सर्वेक्षण सुरू झाले, तेव्हाही खोली तळमजल्यावरची की वरची आणि वास्तव्य केव्हापासूनचे, यांवरच घर कोठे व कोणत्या अटींवर मिळेल हे अवलंबून राहिले. ज्या वस्तीत एका सालाच्या उच्चाराने छप्पर राहते किंवा जाते, तेथे हातात कागद घेऊन आलेल्या अनोळखी तरुणाला सावधपणे उत्तर देणे यास अविश्वास म्हणता येत नाही. तो अनुभवाने आलेला शहाणपणा होय.

साहित्याच्या अभ्यासकाला तर यात नवल वाटण्याचे कारणच नाही. जात्यावर समोर कोण बसली आहे, सासू की माहेरची सखी, यावर ओवीचा आशय बदलतो, हे तो वर्गात शिकलेला असतो. आगमनाची कथाही तशीच श्रोत्यानुरूप घडते. सरकारी कारकुनापुढे ती एका रीतीने सांगितली जाते, तर नव्या सुनेपुढे दुसऱ्या रीतीने. यांपैकी पहिली खोटी आणि दुसरी खरी असे मानणे ही चूक ठरेल. दोन्ही मौखिक रचनाच आहेत. तेव्हा उत्तरासोबत ते कोणापुढे व कोणत्या प्रसंगी दिले गेले, याचीही नोंद होणे आवश्यक आहे.

दुसरी अडचण वेळेची व भाषेची. सत्राच्या वेळापत्रकात क्षेत्रकार्याला जेमतेम काही दिवस मिळतात. नगावर मजुरी घेऊन घरीच काम करणाऱ्या स्त्रीचा तासभर गाण्यात गेला, तर तेवढी मजुरी बुडते, हा हिशेब कोणत्याही अहवालात आढळत नाही. तमिळ ओप्पारी ही मृत्युप्रसंगी गायिली जाणारी शोकगीते. भरल्या घरी, दुपारच्या वेळी, ‘एखादी म्हणून दाखवा’ असा आग्रह धरणे हे औचित्याला सोडून आहे. त्यातही ती मोडक्या हिंदीतून समजून घेतली, तर हाती येते ती केवळ माहिती. गीत मागेच राहते.

सर्वांत गंभीर बाब नावाची आहे. संशोधनाचा शिष्टाचार सांगतो की माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावे. प्रत्यक्षात पुष्कळदा नेमके उलटे घडते. प्रश्नावलीवर नाव, खोली क्रमांक आणि आगमनाचे साल ठळकपणे नोंदले जाते, आणि गीताखाली मात्र ‘एक वस्तीवासी स्त्री’ एवढेच लिहिले जाते. जेथे गुप्तता हवी तेथे ती नसते, आणि जेथे कर्तृत्व नोंदवायचे तेथे ते पुसले जाते. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील खेड्यांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या; त्यांत गाणाऱ्या स्त्रीचे नाव व गाव नोंदले गेले. हा मान शहरातील गायिकेला नाकारण्याचे कारण काय? अण्णा भाऊ साठे यांनी घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून लेखन केले. अशा वस्तीत केवळ ‘निवेदक’ राहतात, लेखक नव्हेत, हे गृहीतक मराठी साहित्याने केव्हाच खोटे ठरविले आहे.

यास्तव विद्यापीठांनी विद्यार्थ्याच्या हाती दोन स्वतंत्र वह्या द्याव्यात. एकीत गीत, कथा, म्हणी आणि, तिची संमती असल्यास, सांगणारीचे नाव. दुसरीत अभ्यासाला अपरिहार्य तेवढाच जीवनविषयक तपशील, नावाशिवाय व पत्त्याशिवाय. आगमनाचे साल विषयाला आवश्यक नसेल तर ते विचारूच नये. मराठी, तमिळ, गुजराती व उर्दू विभागांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र काम करावे. केंद्रीय विद्यापीठात हे इतरत्रांहून सुकर आहे. ध्वनिमुद्रणाची प्रत त्या घरी परत जावी. मोबाइलच्या या काळात त्याला खर्चही फारसा नाही. ‘स्पार्क’ संस्थेने १९८५ साली मुंबईच्या पदपथांवरील रहिवाशांची गणना त्यांच्याच सहभागाने केली, तेव्हा ती त्या लोकांच्या उपयोगी पडली. नोंद कोणाच्या हाती राहते यावर तिचा अर्थ ठरतो, हे त्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

यावर असा आक्षेप येईल की एवढ्या बंधनांत प्रबंधाची पाने भरणार नाहीत. पाने कमी भरली तरी साहित्याची हानी होणार नाही. मात्र विद्यार्थ्याच्या वहीतील एका सालामुळे कोणाच्या डोक्यावरचे छप्पर धोक्यात आले, तर त्या प्रबंधाला मिळालेल्या पदवीने ती हानी भरून निघणार नाही.