सुट्टीची काटकसर आणि सुट्टीचा हक्क

उन्हाळ्याची चाहूल लागली की काटकसरीच्या उपदेशाला बहर येतो. तिकिटे आगाऊ काढावीत, गर्दीचा हंगाम टाळावा, हॉटेलाऐवजी धर्मशाळेत उतरावे, शिदोरी घरून न्यावी. यांतील एकही सूचना चुकीची नाही. मात्र ती कोणाला अमलात आणता येते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासापूर्वी ६० दिवस खुले होते. म्हणजे ज्याला दोन महिने आधी आपली रजा ठाऊक आहे, त्यालाच आगाऊ आरक्षणाचा लाभ. कंत्राटी कामगाराला पुढच्या आठवड्याची पाळीही ठाऊक नसते. हंगाम टाळावा, तर मुलांच्या शाळा मे महिन्यातच बंद. उरते काय? तत्काळचे जादा शुल्क, खासगी बसचे चढे भाडे किंवा अनारक्षित डब्यातील रेटारेटी. रोजंदारीवरील श्रमिकाच्या बाबतीत तर प्रवासखर्चाहून मोठा खर्च बुडालेल्या मजुरीचा असतो. ती कोणत्या काटकसरीने वाचावयाची?

फ्रान्समधील कामगारांनी या प्रश्नाचे उत्तर १९३६ साली दिले. लोक आघाडीच्या विजयानंतर देशभर संपांची लाट उसळली आणि लिओं ब्लूम यांच्या सरकारने २० जून १९३६ च्या कायद्याने दोन आठवड्यांची भरपगारी रजा दिली. परंतु खिशात तिकिटाचे पैसे नसतील, तर रजा घेऊन जावयाचे कोठे? हे ओळखून लिओ लाग्रांज यांनी रेल्वे कंपन्यांना रजेच्या तिकिटावर ४० टक्के सवलत द्यावयास लावले. रजा आणि तिकीट ही एकाच हक्काची दोन अंगे आहेत, हा त्यातील बोध आहे.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्यास दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मान्य केली. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत मिळाली. पण असंघटित श्रमिकांचा प्रचंड समुदाय या दोहोंच्या बाहेरच राहिला. जी सवलत होती, तीही आकसली. रेल्वेने ज्येष्ठ पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के दिलेली सूट मार्च २०२० मध्ये काढून घेतली. आजी-आजोबांसह निघणाऱ्या कुटुंबाचे अंदाजपत्रक त्यामुळे कोलमडले. उलट, मार्च २०२३ पासून एसटीने स्त्रियांना अर्धे तिकीट लागू केले. म्हणजे इच्छा असेल, तर हे अशक्य नाही.

पोटाची विवंचना असताना सहलीची भाषा कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. गिरणगावातील कामगार मे महिन्यात कोकणात जात असे, तो चैनीसाठी नव्हे. मुलांना आजोळ कळावे, शिणलेल्या देहाला विसावा मिळावा, एवढीच त्याची मागणी होती. मधु दंडवते यांनी १९७७ नंतर रेल्वेमंत्री म्हणून दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी बसवली, तेव्हाही प्रश्न ऐषारामाचा नसून सामान्य प्रवाशाच्या प्रतिष्ठेचाच होता.

तेव्हा कार्यकर्त्यांसमोर दोन कामे आहेत. पहिले, आज हाती असलेल्या साधनांचा सामूहिक उपयोग. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास किंवा प्रासंगिक करारावरील गाडी एकट्या कुटुंबाला जड वाटेल. चाळ, पतपेढी किंवा बचत गट यांनी पुढाकार घेतल्यास तोच खर्च वाटला जाईल. दुसरे काम संघर्षाचे. रजेचे वेळापत्रक किमान तीन महिने आधी लागावे, कंत्राटी कामगारासही भरपगारी रजा मिळावी आणि रेल्वेची सूट पूर्ववत व्हावी, या मागण्या वेतनवाढीइतक्याच आग्रहाने मागणीपत्रकात यावयास हव्यात. पहिले काम या मे महिन्यापुरते उपयोगी पडेल. दुसरे तडीस गेले, तरच पुढील पिढीला सुट्टीसाठी पोटाला चिमटा घ्यावा लागणार नाही.